किमोनोला 'किमोनो बाही' का नसते?

सुईदोरा
मंडळी, प्रश्न शिवणाचा आहे. ज्यांना बटणही लावता येत नाही त्यांनी खुशाल विनोद करावेत, पण शेवटपर्यंत वाचावं.

१९८४ साली मी शिवणाचा कोर्स केला. कागदी नमुन्यांच्या वहीत पफ बाही, मेगा बाही, घंटा बाही आणि 'किमोनो बाही' अशा बाह्या चिकटवाव्या लागत. किमोनो बाही म्हणजे अंगाबरोबर अखंड कापलेली. मुंढा नाही, बाहीची गोलाई नाही, काखेत फार तर एक चौकोनी कळी. पुढे चाळीस वर्षं मी ती शिवली आणि शिकवली.

गेल्या महिन्यात भाचा ओसाकाहून आला. क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो, तिथून त्याने एक वापरलेला रेशमी किमोनो आणला. बाहेरून राखाडी, जवळून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, आणि आत लालभडक अस्तर. घरच्यांचा आग्रह होता की फ्रेम करून भिंतीवर लाव. मी दार लावून घेतलं आणि बाहीची शिवण उसवली.

बाही वेगळी! सरळ सरळ आयत. अंगाला फक्त वरच्या अर्ध्या भागात जोडलेला, खालचा भाग मोकळा लोंबतो. काखेत भोक आहे, ते आधी मला फाटलंय असं वाटलं होतं, पण दोन्हीकडे नीट दुमडून शिवलंय. खांद्यावर शिवण नाहीच. अख्ख्या कपड्यात कात्री एकदाही गोल फिरलेली नाही.

मग जिला आपण किमोनो बाही म्हणतो ती कुणाची? आणि हा कपडा असा का?

टिवल्याबावल्या
ताई, चायनीज भेळ चीनमध्ये मिळत नाही, तसंच हे.

मीठभाकर
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. भाच्याला कळलं का उसवल्याचं?

सुईदोरा
@मीठभाकर, नाही. त्याला हा धागा कुणी पाठवू नये.

वैदेही_सायतामा
सुईदोरा ताई, भीती नको. किमोनो उसवण्यासाठीच शिवलेला असतो. मी इथे शेजारच्या आजींकडे दोन वर्षं किमोनो शिवायला शिकले, पूर्ण असे दोनच झाले, तेव्हा चुकलं तर समजून घ्या.

कापडापासून सुरुवात करायला हवी. किमोनोच्या कापडाच्या ताग्याला 'तानमोनो' म्हणतात. पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी बारा मीटरच्या आसपास. एका ताग्यात मोठ्या माणसाचा एक किमोनो. पन्हा इतका अरुंद की अंगाला पाठीमागे दोन पट्टे लागतात, म्हणून पाठीच्या मधोमध शिवण येते. प्रत्येक पट्टा पुढच्या घेरापासून निघतो, खांद्यावरून जातो आणि मागच्या घेरापर्यंत अखंड उतरतो. खांद्याला शिवण नाही ती यामुळे. बाहीलाही असाच एक एक पट्टा, खांद्याच्या रेषेवर दुमडलेला. उरलेल्या लांबीचे उभे भाग करून पुढच्या उघड्या कडांना जोडायच्या दोन पट्ट्या (ओकुमी), गळपट्टी आणि तिच्यावरची छोटी पट्टी निघते. एकूण आठ तुकडे, सगळे सरळ. चिंधी शून्य.

जास्तीचं कापडही कापत नाहीत, शिवणीत दाबतात. आपण शिवणीत माया ठेवतो ना, तशी, पण ही माया अगदी सढळ हाताची. आई बारीक आणि मुलगी अंगाने भरलेली असली तर उसवायचं आणि माया सोडायची. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेत मोठाल्या चुण्या घालून ठेवतात, पोर वाढलं की त्या सोडवतात.

सुईदोरा
वाढत्या अंगाचं शिवणं! माझ्या सासूबाई याला जागतिक मान्यता मिळाली म्हणून पेढे वाटतील.

खडूस_पेन्शनर
सगळं ठीक, पण चालता येत नाही, बसता येत नाही, बांधायला दुसरा माणूस लागतो. आमच्या साडीला एक टाका नाही की बटण नाही. कौतुक परक्याचंच करायचं हा आपला जुना रोग.

निळी_शाई
@खडूस काका, साडी नेसून बसस्टॉपवर पळून दाखवा, मग बोलू.

खडूस_पेन्शनर
नऊवारीत पळता येतं. आमच्या आजी विहिरीत पोहायच्या.

टिवल्याबावल्या
प्रत्येक धाग्यावर कुणाची ना कुणाची आजी विहिरीत पोहतेच.

ओसाकाकर
काकांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आजचा औपचारिक बायकी किमोनो अवघडच असतो. पण त्यावरून मूळ कपड्याला नावं ठेवू नयेत. आजच्या किमोनोचा पूर्वज 'कोसोदे'. शब्दशः 'लहान बाही', म्हणजे मनगटाशी उघडा भाग लहान. हेइआन काळात (७९४ ते ११८५) दरबारी बायका एकावर एक रुंद बाह्यांचे थर चढवत, आणि कोसोदे होता सगळ्यांत आतला कपडा. सामान्य लोक मात्र असाच काहीसा कपडा बाहेरूनच घालून कामं करत. पुढे सत्ता दरबाराकडून सामुराईंकडे गेली, थर गळत गेले आणि मुरोमाची काळापर्यंत (१३३६ ते १५७३) आतला कोसोदे उजळ माथ्याने बाहेर आला.

तेव्हाचा कोसोदे सैल, कमरेला अरुंद पट्टा. जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघा उभा करून बसता येई. एदो काळात (१६०३ ते १८६८) पट्टा, म्हणजे 'ओबी', रुंद होत गेला आणि बाह्या लांब. काखेतल्या भोकाचं उत्तर इथे आहे, ताई. ओबी छातीपर्यंत चढल्यावर बाही पूर्ण शिवलेली असेल तर हात वर होणार कसा? म्हणून बायकांची बाही खालून मोकळी. पुरुषांचा ओबी अरुंद, तो ओटीपोटाशी बांधतात, त्यांच्या बाह्या अंगाला जवळपास पूर्ण शिवलेल्या असतात.

'किमोनो' हा शब्दही कपड्याच्या मानाने पोरसवदा आहे. अर्थ एवढाच, 'अंगावर घालायची वस्तू'. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) पाश्चात्त्य कपडे आले, तेव्हा आपल्या कपड्यांना वेगळं नाव देण्याची गरज पडली आणि हा शब्द पक्का झाला.

मीठभाकर
म्हणजे साहेब येईपर्यंत त्याला नुसतं 'कपडे' म्हणत होते. छान.

काथ्याकूट_विशारद
हे सगळं मुळात चिनी आहे. उगाच जपानी डोकं वगैरे म्हणू नका.

ओसाकाकर
@काथ्याकूट, सुरुवात तिथलीच, जपानी माणूसही नाकारत नाही. रेशमी कापडाला इथे आजही 'गोफुकु' म्हणतात, म्हणजे चीनमधल्या वू राज्याचे कपडे. डावी बाजू वर घेण्याचा नियमही तांग दरबाराच्या वळणाने ७१९ साली सम्राज्ञी गेन्शोच्या काळात आला. पण त्यानंतर हजार वर्षं हा कपडा आपल्या वाटेने गेला. बटाटा पेरूचा म्हणून बटाटेवडा पेरूचा होत नाही.

काथ्याकूट_विशारद
बटाटेवड्याचा मुद्दा मान्य. बाकीचे राखून ठेवतो.

प्रवासी_पक्षी
डावी-उजवी वरून आठवलं. जपानमधल्या पहिल्याच मुक्कामी खोलीत युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, ठेवला होता. आंघोळ करून, तो चढवून ऐटीत जेवायला निघालो. जिन्यात एक म्हातारी कर्मचारी बाई मला बघून थबकली, "सुमिमासेन" (माफ करा) म्हणत थेट पुढे आली आणि माझा युकाता उघडून उलटा गुंडाळला. मी गारठलो, बायको हसून लोळायची बाकी. नंतर कळलं की उजवी बाजू वर फक्त प्रेताला घेतात. जेवणाच्या दालनात तीस माणसांसमोर मी मयत म्हणून जाणार होतो.

टिवल्याबावल्या
तुम्हाला खांदा द्यायला किती लोक उठले असते त्यावरून लोकप्रियता कळली असती.

वैदेही_सायतामा
:हहपुवा: लक्षात ठेवायची खूण अशी: आपला उजवा हात सहज छातीशी आत जायला हवा. पूर्वी कागद, पैसे तिथेच ठेवत.

अनोळखी माणसाचा किमोनो रस्त्यात थांबवून नीट करणाऱ्या बायकांना इथे 'किमोनो पोलीस' असं नावच आहे. नियम तरी किती! जून ते सप्टेंबर अस्तर नाही. त्यातही जुलै-ऑगस्टला विरळ विणीचंच कापड. १ ऑक्टोबरला पुन्हा अस्तर. फुलांची नक्षी ऋतूच्या थोडी आधी घालायची. साकुरा (चेरी) पूर्ण फुलल्यावर साकुराचा किमोनो घालणं म्हणजे खऱ्या फुलांशी स्पर्धा, ते गावंढळ समजतात. तरुण मुली या पोलिसांना घाबरून कपाटातले आजीचे किमोनो बाहेर काढत नाहीत.

निळी_शाई
काष्टा पोलीस आपल्याकडेही आहेत. लग्नात मागून येऊन ओचा खोचून जातात.

गौरी_दे
मी क्योतोत भाड्याचा किमोनो घातला होता. आधी कमरेभोवती टॉवेल गुंडाळले! मी म्हटलं अहो, कंबर आहे म्हणून तर व्यायामशाळेला पैसे भरते. पण तिथे आकार नळकांड्यासारखा हवा. मग तीन-चार नाड्या, मग ओबी, मग ओबीवर दोर. चार तास ताठ बसले आणि अर्धी वाटी नूडल्स खाल्ल्या. फोटो मात्र अप्रतिम. मानेमागे गळपट्टी खाली ओढून ठेवतात, मानेचा तेवढाच भाग उघडा. बाकी सगळं झाकून तेवढंच दाखवायचं, यात काय कमाल नखरा आहे!

सुईदोरा
हे सगळं वाचून मी काल दुसरी बाहीही उसवली. :)

आता एक शंका. टाके फार साधे आहेत, हातचा धावदोरा. एवढ्या उंची रेशमाला? माझ्या क्लासमधल्या मुलीने असं शिवून आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. आणि शिवणीवर कापड केसभर पुढे दुमडलंय, त्यामुळे बाहेरून टाका दिसत नाही.

वैदेही_सायतामा
त्या दुमडीला 'किसे' म्हणतात आणि ती नीट जमली तर शिवणारणीचा हात चांगला. आजी मला त्यावरूनच ओरडायच्या. धावदोरा मुद्दाम असतो: ओढ बसली तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. आणि उसवायला सोपं. पूर्वी किमोनो मळला की सगळा उसवत, आठही तुकडे पुन्हा जोडून लांब पट्टा करत, धूत, समुद्री शेवाळाची खळ लावून फळीवर किंवा बांबूच्या काड्यांनी ताणून वाळवत आणि परत शिवत. याला 'अराइ-हारी' म्हणतात. विरलेला भाग तेव्हा आतल्या बाजूला घ्यायचा, रंग उडाला असेल तर पुन्हा रंगवायचा. फारच जुना झाला की मुलांचा किमोनो, मग गादीची खोळ, मग लंगोट, शेवटी फडकं.

ताई, तुमच्या शिवणीच्या आत बघा, मूळ रंग दिसेल.

सुईदोरा
अगं बाई. आत राखाडी नाहीच! निळसर जांभळा आहे, फिका. म्हणजे कुणीतरी तो पुन्हा रंगवला?

ओसाकाकर
शक्य आहे. वय वाढलं की भडक रंग सोडायचे, म्हणून तोच किमोनो गडद किंवा सौम्य रंगात बुडवून घ्यायचे. नुसता प्रकाशाने रंग उतरला असेल असंही होतं, फोटो टाकलात तर बरं. लाल अस्तरावरून मात्र कपडा बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा किंवा जेमतेम नंतरचा असावा. त्याला 'मोमी' म्हणतात, मुळात करडईच्या फुलांच्या रंगात रंगवलेलं रेशीम. नंतर फिक्या अस्तरांची पद्धत आली.

ठिपके अर्धवर्तुळात, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे आहेत का?

सुईदोरा
हो हो, तसेच. भिंगातून बघितले.

ओसाकाकर
मग ते 'सामे कोमोन', शार्कच्या कातड्यावरची नक्षी. किइशू प्रांताच्या तोकुगावा सरदार घराण्याची ही खास नक्षी होती. आधी सामुराईंच्या दरबारी पोशाखावर, नंतर शहरी लोकांनी उचलली. तुती-जातीच्या झाडाच्या कागदाचे थर कच्च्या पर्सिमॉनच्या रसाने चिकटवून, त्यात बारीक भोकं पाडून छाप बनवतात. त्यातून तांदळाच्या पिठाची खळ कापडावर ओढायची, मग रंग द्यायचा. खळीखालचा ठिपका पांढरा राहतो. हे छाप इसे भागातले, आजच्या सुझुका शहराच्या परिसरातले.

आणि बाहेर राखाडी, आत लाल ही तर एदो काळाची अख्खी मनोवृत्ती आहे. व्यापाऱ्यांच्या हातात पैसा, पण दर्जा सामुराईच्या खाली. त्यांनी उधळपट्टी करू नये म्हणून शोगुनचं, म्हणजे लष्करी प्रमुखाचं, सरकार फर्मानं काढत असे. १६८३ च्या फर्मानात सोन्याचं भरतकाम आणि अंगभर बांधणी बंद केली. मग लोकांनी तपकिरी आणि राखाडीच्या इतक्या छटा काढल्या की 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी' असा वाक्प्रचारच झाला. पैसा गेला अस्तरात. चालताना घेर जरा हलला की आतलं रेशीम झळकायचं.

बांधणी-भरतकामावर नजर असल्याने रंगकामाला जोर आला, असंही म्हणतात. क्योतोत मियाझाकी युझेन नावाचा पंखे रंगवणारा कलाकार तेव्हा गाजत होता. खळीच्या बारीक रेघेने चित्राची कड आखून रंग भरण्याच्या पद्धतीला त्याचंच नाव पडलं, युझेन.

खडूस_पेन्शनर
आयकरवाल्यांना दाखवायला वेगळं आणि घरात वेगळं. हे मला समजलं.

काथ्याकूट_विशारद
राखून ठेवलेल्या मुद्द्यांपैकी एक: १६५७ ची एदो शहरातली (आजचं टोकियो) मोठी आग. ती एका शापित फुरिसोदेमुळे लागली अशी दंतकथा आहे. फुरिसोदे म्हणजे अविवाहित मुलींचा लांब बाह्यांचा किमोनो. तो घालणारी एकेक मुलगी मरत गेली, शेवटी भिक्षूने तो जाळायला घेतला, वाऱ्याने पेटता किमोनो उडाला आणि शहर जळालं. दंतकथा सोडा, पण त्या आगीत शहरातली कपाटंही जळाली. सगळ्यांना नवे कपडे हवे होते, आणि त्यानंतरच्या वर्षांत कोसोदेवर मोठी, मोकळी, एका खांद्यावरून वाहत जाणारी नक्षी आली. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशीने एदोत एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं. तोवर बडे व्यापारी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उधारीवर अख्खा तागा विकत. याने दुकानात, रोखीने, एकाच भावात आणि हवं तेवढं कापून विकायला सुरुवात केली. आजच्या मित्सुकोशी या बड्या दुकानाचं ते मूळ.

टिवल्याबावल्या
रोखीने, एकच भाव, उधारी बंद. दुपारी एक ते चार बंद ठेवत असतील तर तो पुण्याचा होता.

निळी_शाई
ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये पोल प्वारेसारख्या फॅशनवाल्या मंडळींनी कंबर आवळणारे कपडे सोडून सैल कपडे आणले. किमोनो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांना त्यात दिसलं ते एवढंच: खांदा घट्ट बसत नाही, बाही अंगातून सहज निघाल्यासारखी वाटते. त्यांच्याकडे कापड रुंद पन्ह्याचं, म्हणून त्यांनी अंग आणि बाही एकत्र कापली. नाव राहिलं किमोनो, कापणी झाली युरोपची. तीच शिवणाच्या पुस्तकांतून फिरत फिरत ताईंच्या वहीत आली असणार.

मीठभाकर
आणि २०१९ मध्ये किम कार्दाशियनने अंग आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांनाच 'किमोनो' नाव दिलं होतं. क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहिलं, गदारोळ झाला, तेव्हा बदललं.

काथ्याकूट_विशारद
नावांवरूनच निघालंय तर आपल्या बनियनचं ऐका. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना शोगुनकडून कापूस भरलेले रेशमी किमोनो भेट मिळत. हॉलंडमध्ये श्रीमंत पुरुष ते घरात झगा म्हणून घालायला लागले. मागणी वाढली, जपानी माल पुरेना, म्हणून भारतीय छिटाचेही तसे झगे शिवले जाऊ लागले. इंग्रजांनी अशा घरगुती झग्याला नाव दिलं 'बनियन', आपल्या बनियांवरून. पुढे हिंदुस्थानात तो शब्द घसरत घसरत गंजीफ्रॉकवर आला.

टिवल्याबावल्या
म्हणजे मी आत्ता गॅलरीत उभा आहे तो जपानी राजपोशाखात. बायकोला सांगून बघतो.

टिवल्याबावल्या
सांगितलं. शर्ट घालायला सांगितलंय.

अष्टागरकर
सहसा वाचनमात्र असतो, पण बनियन निघालं म्हणून लिहितो. आमचं गाव चौलजवळ. एदो काळात जपानमध्ये पट्ट्यापट्ट्यांचं परदेशी कापड फार चालायचं आणि त्याला बंदरांची, प्रदेशांची नावं होती. 'सान्तोमे-जिमा' म्हणजे मद्रासजवळच्या सेंट थॉमसचं. तसंच एक पातळ रेशमी कापड होतं, 'चाउ-जिमा'. जपानी शब्दकोशांत त्याची व्युत्पत्ती दिलेली आहे: भारतातल्या चौलचं, पोर्तुगीजांनी आणलेलं. 'जिमा' म्हणजे पट्टे. बहुतेक हाकामासाठी वापरत, म्हणजे किमोनोवर नेसायचा तो चुण्यांचा घोळदार पायघोळ. १६८० च्या दशकात क्योतोच्या विणकरांनी ते तिथेच विणायला घेतलं, तरी नाव चाउच राहिलं.

चौलचं रेशीम तेव्हा नावाजलेलं होतं. आज रेवदंड्याच्या कोटात नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. पडक्या चर्चजवळ शनिवार-रविवारी गाड्या लागतात. माग एकही नाही.

ओसाकाकर
वाह! दहा वर्षं इथे आहे, 'चाउ' म्हणजे चौल हे कधी डोक्यातच आलं नाही. या रविवारी ग्रंथालयात कोश काढतो.

खडूस_पेन्शनर
@अष्टागरकर, चौलला आमचं आजोळ. दत्ताच्या डोंगरावर लहानपणी दर वर्षी जायचो. याबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. सविस्तर वेगळा धागा काढा.

अष्टागरकर
काढतो काका. सुपारी उतरवून झाली की.

गौरी_दे
काका परक्याच्या कौतुकाच्या धाग्यावर नवीन धाग्याची फर्माईश करताहेत. स्क्रीनशॉट घेतला आहे.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार. दोन दिवस गायब होते कारण बाह्या परत जोडत होते. जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, त्यांतूनच सुई घातली. चष्मा दोनदा बदलला. 'किसे' पहिल्या बाहीला जाडजूड आली, दुसरीला बरी. काखेतलं भोक एकदा सवयीने शिवून टाकलं आणि परत उसवलं.

क्लासमधल्या मुलींना रविवारी हा किमोनो दाखवणार आहे. अरुंद पन्ह्याचं सुती कापड आणायला सांगितलंय. नाही मिळालं तर ३७ सेंटिमीटरच्या पट्ट्या फाडून घेऊ. भाचा शनिवारी जेवायला येतोय, त्याच्यासमोर घालून दाखवावा म्हणते.

प्रवासी_पक्षी
घाला नक्की. फक्त, ताई, डावी बाजू वर.